गणपतरावांच्या हॉलमधला टेकू

बोलतोय तो मी टेकू. राजकारणातला नव्हे, लोखंडाचा. नवीन स्लॅब ओतला की तो घट्ट होईपर्यंत त्याला खालून जे पाइप धरून उभे असतात, त्यांतलाच मी एक. साइटवर मला जॅक म्हणतात. बायाबापड्या नळकांडं म्हणतात. मला आपलं टेकूच बरं वाटतं.

माझा जन्म शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक जाड पाइप, त्याच्या पोटात दुसरा बारीक पाइप, वर चौकोनी डोकं, खाली चौकोनी पाय आणि कमरेला एक आडवी खिळी नि आट्यांवर फिरणारी चाकी. चाकी एकीकडे फिरवली की मी उंच होतो, उलट फिरवली की खाली बसतो. माझी सगळी हालचाल एवढीच. पण माणसं दिवसभर याच्या शंभरपट हालचाल करतात आणि संध्याकाळी असतात तिथंच असतात, हेही मी पाहिलेलं आहे.

शेडमधून मला अंबादास सेंट्रिंगवाल्यानं नेलं. अंबादास म्हणजे गावभरच्या स्लॅबांचा माणूस. साचा बांधायचा, आम्हाला उभं करायचं, स्लॅब वाळला की आम्हाला काढून टेम्पोत टाकायचं आणि पुढच्या साइटवर न्यायचं. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, फक्त वेळेचं आणि त्याचं कधी जमलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तो फोनवर सांगायचा, "निघालोयच, टेंबलाईच्या चढाला हाय बघा."

स्लॅबच्या दिवशी मालक वर जाऊन नारळ फोडतो, फोटो काढतो, मिस्त्रीच्या पंगतीला मटण घालतो. खाली आमच्या रांगेत कुणी डोकावत नाही. आमच्या वाट्याला वरून गळणारं सिमेंटचं पाणी. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कुणी बघत नाही ते बरंच असतं, हे मला पुढं गणपतरावांच्या घरात कळलं.

गणपतराव पाचगावच्या चढाला घर बांधत होते. बिद्रीकडं साखर कारखान्यात ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं, कोण भोंग्यानंतर आलं, हे बघण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. निवृत्त झाले तरी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, म्हणजे चहाचा कप उचलला की वेळ दिसावी. राहणं आजवर कारखान्याच्या कॉलनीत, म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीत. आता कुठं स्वतःचं घर उभं राहत होतं.

घराबद्दल त्यांची एकच अट होती. हॉल मोठा पाहिजे आणि मध्ये एकही खांब नको.

"पावण्यानं दारातनं बघितलं की थेट देवघर दिसलं पायजे," असं ते अंबादासला बजावत.

आता मध्ये खांब नसला की वरचा स्लॅब लांब पल्ल्याचा होतो. लांब पल्ल्याच्या स्लॅबला टेकू जास्त दिवस लागतात. म्हणजे ज्या हॉलमध्ये खांब नको होता, त्याच हॉलच्या मधोमध अंबादासनं मला उभं केलं.

स्लॅब ओतून चार दिवस झाले असतील नसतील, तोच कबनूरहून फोन आला. गणपतरावांची लेक अनुजा हिचं लग्न कबनूरच्या मोहितशी ठरलं होतं आणि ते दिवाळीनंतर व्हायचं होतं. मोहितला कंपनीनं उन्हाळ्यातच जर्मनीला जायला सांगितलं, म्हणून व्याह्यांनी लग्न वैशाखात ओढलं. गणपतरावांनी फोन खाली ठेवला आणि वर बघितलं. वर ओला स्लॅब, खाली आम्ही, मध्ये ना दार, ना फरशी, ना नळ.

अनुजा रजा काढून पुण्याहून आली. ती तिथं एका बांधकाम कंपनीत होती आणि कुठलं काम कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, हे ठरवणं हीच तिची नोकरी होती. दुपारी ती, गणपतराव आणि तिची आई लीलाबाई माझ्याजवळच सिमेंटच्या पोत्यांवर डबा सोडून बसली.

"आबा," अनुजा म्हणाली, "आपण एक काम संपलं की दुसरं धरतोय. गिलावा, मग लाइट, मग फरशी, मग रंग. असं एकामागं एक लावलं तर दिवाळीच येतीय. त्यापेक्षा मागच्या खोलीतला गिलावा वाळला की तिथं फरशी सुरू करायची. तोवर गिलाव्याची माणसं पुढच्या खोलीत. एक काम निम्म्यावर आलं की दुसरं त्याच्या पाठीला लावायचं."

"म्हणजे सगळं एकदम," गणपतराव म्हणाले.

"सगळं न्हाय. जमतंय तेवढंच. आई एका शेगडीवर रस्सा ठेवती आणि दुसरीकडं भाकरी थापती न्हवं? पण पीठ मळायच्या आधी थापती का?"

लीलाबाई म्हणाल्या, "मी थापते. हे खातील का ते इचार."

गणपतरावांनी यातला रस्सा तेवढा ऐकला, पीठ त्यांच्या कानावरून गेलं.

अनुजाची आखणी चांगली होती, हे मी मुद्दाम सांगतो. मागच्या दोन खोल्या बघता बघता उभ्या राहिल्या. लहान खोल्यांखालचे आमचे भाऊबंद अंबादासनं वेळ झाल्यावर काढून नेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच फरशी आली. इकडं गिलावा, तिकडं फरशी, त्याच्या पलीकडं नळ. कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. अनुजा दर दोन दिवसांनी येऊन बघायची, कोण कुठल्या खोलीत ते सांगायची आणि पुन्हा खरेदीला जायची.

पण मग ती लग्नाच्या साड्यांसाठी आईबरोबर इचलकरंजीला गेली आणि घर एका दिवसासाठी गणपतरावांच्या हातात आलं.

त्यांनी विचार केला, पोरीनं एकाला दुसरं जोडलं तर एवढा वेळ वाचला. सगळंच सगळ्याला जोडलं तर घर आठवड्यात उभं राहील. त्यांनी एकूण एक माणसाला फोन लावला आणि सकाळी या म्हणून सांगितलं. टाइमकीपरचा आवाज होता. सगळे आले.

फरशीवाला ज्ञानू आला, रंगारी आला, वायरमन आला, प्लंबर आला, दारं घेऊन सुतार आला. शिडी घरात एकच होती. रंगाऱ्यानं भिंतीला पहिला हात मारला, तोवर वायरमननं त्याच भिंतीत वायरसाठी पन्हळ खोदायला घेतली. ओल्या रंगावर सगळी लाल धूळ बसली.

"ओ, दिसत न्हाय का, रंग मारलाय?" रंगारी म्हणाला.

"दिसतोय की. म्हणून तर जपून फोडतोय," वायरमन म्हणाला.

ज्ञानूनं फरशी बसवली आणि तिच्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून दारात विटा लावल्या. प्लंबरला पलीकडं जायचं होतं, तो खिडकीतून गेला. सुतारानं दार बसवलं, ते फरशीची उंची वाढल्यामुळं उघडेना. आत प्लंबर होता. त्याचा चहा खिडकीतून द्यावा लागला. अशात नवा सोफा आला. दारं बसल्यावर तो आत येणार नाही म्हणून गणपतरावांनी आधीच मागवला होता. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण तो सोफा दिवसभर मांजराच्या पिलासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. शेवटी चौघांनी तो माझ्या पायाशी आणून टेकवला आणि तिघे त्याच्यावरच बसले.

हॉलमध्येही त्यांनी त्याच दिवशी फरशी घालायला लावली. तोवर हॉलच्या मधल्या तुळईखाली आम्ही तिघंच राहिलो होतो. दोघं भिंतींच्या कडेला आणि मधोमध मी. ज्ञानू माझ्याजवळ आला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गणपतराव, ह्याचं काय करू?"

"त्येच्या भोवतीनं घाल."

ज्ञानूनं माझ्या पायाभोवती चौकोन सोडून फरशी घातली. मग गणपतरावांनी रंगाऱ्याला हाक मारली. "ह्यालाबी मार एक हात. भिंतीत मिसळून जाईल."

भिंत माझ्यापासून दहा पावलं लांब होती. मी कशात मिसळणार? तरी रंगाऱ्यानं मला नखशिखांत क्रीम रंग मारला. आजवर मी गंजलेला टेकू होतो, कुणाच्या नजरेत भरत नव्हतो. आता हॉलमध्ये पाय ठेवणारा प्रत्येक माणूस आधी मलाच बघू लागला.

अनुजा परत आली तेव्हा वायरमन आणि रंगारी एकमेकांशी बोलत नव्हते, प्लंबर नुकताच दारातून सुटला होता आणि गणपतराव कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बघ," ते म्हणाले, "तुझंच शिकून केलंय."

अनुजानं सगळीकडं एक नजर फिरवली. मग ती सोफ्यावर बसली आणि हसायला लागली. लीलाबाईही हसल्या. गणपतराव हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नव्हतं.

दोन दिवस लागले ते निस्तरायला. मग पुन्हा सगळं मार्गी लागलं. राहिलो तो मी.

गणपतराव रोज सकाळी वर जाऊन स्लॅबवर पाणी सोडायचे आणि खाली येऊन माझ्याकडं डोळे वटारून बघायचे. भिंतीकडेच्या दोघांना त्यांनी पडद्याआड घालवलं होतं. मला कुठल्या पडद्याआड घालणार? मी दार आणि देवघर यांच्या बरोबर मध्ये.

एक दिवस अंबादास सापडला.

"हा मधला काढ की," गणपतराव म्हणाले.

"न्हाय जमणार. पल्ला लांब हाय. अजून कच्चा हाय त्यो."

"पोरीचं लगीन हाय घरात."

"त्ये मला म्हाईत हाय वो. स्लॅबला कुठं म्हाईत हाय?" असं म्हणून अंबादास मोटारसायकलवर बसला आणि गेला. एवढं एकच काम त्यानं वेळेत केलेलं मी पाहिलं.

गणपतराव अनुजाकडं वळले. "तूच म्हणालीस, एकात एक काम घालायचं."

"आबा, माणसं एकमेकांच्या कामात घालता येतात. सिमेंट वाळायला जेवढा वेळ घेतंय, तेवढा त्याला द्यावाच लागतोय. त्यात दुसरं काही घालता येत न्हाय."

"आन् पावणं काय म्हणतील? टेकू लावून उभं केलेलं घर हाय म्हणतील."

"म्हणू देत की."

"तुला काय जातंय म्हणू देत म्हणायला," गणपतराव म्हणाले आणि बाहेर जाऊन वाळूच्या ढिगावर बसले.

कबनूरचे व्याही दोन दिवसांनी घर बघायला यायचे होते. त्या दुपारी कामाची माणसं जेवायला गेली होती. अनुजा मागच्या खोलीत नळ सोडून बघत होती. रंगाऱ्यानं सकाळीच माझ्यावर दुसरा हात मारला होता, मी अजून ओला होतो. गणपतराव चपला काढून, मांजरासारखे हॉलमध्ये आले. इकडं तिकडं बघितलं. दोन्ही हातांनी माझी चाकी धरली आणि उलट फिरवली.

चाकी घट्ट होती. त्यांनी पाय रोवून जोर लावला. ती हलली.

इतके दिवस माझ्या डोक्यावर बसलेलं ओझं पहिल्यांदा माझ्यावरून सरकलं. मला ते बरं वाटलं नाही. ते ओझं कुठं जाईना, तिथंच घुटमळलं. वर कुठंतरी बारीक कट्ट असा आवाज झाला. भिंतीकडेचे दोघे कण्हले. आणि वर साठवलेलं पाणी पंख्याच्या हुकाच्या भोकातून थेट गणपतरावांच्या टकलावर पडू लागलं.

गणपतरावांना वाटलं, घर आलं खाली.

पळून जावं असं त्यांच्या मनात आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी मला मिठी मारली. दोन्ही हात, एक पाय आणि गाल, सगळं मला लावून ते मला वर रेटू लागले. खिशातला फोन वाजत होता. आचाऱ्याचा होता, किती पानं धरायची विचारायला. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. वरून पाणी ठिबकत होतं.

"अनु," त्यांनी हाक मारली. मोठ्यानं मारली तर स्लॅबला धक्का बसेल म्हणून हळूच मारली. "अगं अनु."

अनुजा बाहेर आली. बाप खांबाला मिठी मारून उभा.

"आबा, काय करताय?"

"घर धरलंय."

"काय?"

"घर धरलंय म्हटलं. तू आधी बाहेर हो. आईला कॉलनीतच ऱ्हा म्हणून सांग. अंबादासला फोन लाव."

अनुजानं वर बघितलं, हुकाच्या भोकाकडं बघितलं, मग माझ्या चाकीकडं. ती जवळ आली आणि बापाच्या काखेखालून हात घालून तिनं चाकी पुन्हा आवळली. सावकाश, घट्ट. ओझं पुन्हा माझ्या डोक्यावर येऊन बसलं. मला हायसं वाटलं.

"सोडा आता."

"सोडू?"

"सोडा, आबा."

त्यांनी एक हात सोडला. काही झालं नाही. मग दुसरा. मग पाय. त्यांच्या गालावर वरपासून खालपर्यंत क्रीम रंगाचा पट्टा उठला होता आणि माझ्यावर त्यांच्या मिशीचे दोन केस.

मला वाटलं, आता पोरगी रागावणार. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती सोफ्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "का केलंसा हे?"

गणपतराव खालीच, फरशीवर बसले.

"तुझा जन्म कॉलनीतला," ते म्हणाले. "तिथं भिंतीला खिळा मारायचा तर कारखान्याला अर्ज करायचा. तू चित्रात पहिली आलीस, ती फ्रेम कपाटावर टेकवून ठेवली. किती येळा पडली. म्हटलं, पुढच्या वर्षी आपलं घर, मग लावू. आसं करत तू पुण्याला गेलीस. आता जर्मनीला चाललीस. तिथंबी भाड्याचंच घर असणार. मला आपलं वाटायचं, जायच्या आधी चार दिस तरी पोरगी आपल्या घरात झोपावी. क्वार्टरातनं जाणं येगळं आन् आपल्या घरातनं जाणं येगळं. पण तुम्ही सगळी म्हणताय, घर पुरं व्हायला येळ लागतोय."

बाहेर ज्ञानूची माणसं जेवून परत आल्याचा आवाज झाला. अनुजानं ओढणीनं बापाच्या गालावरचा रंग पुसला. तो आणखी पसरला.

"आबा, घर पुरं व्हायची वाट कशाला बघायची? आजच ऱ्हायला येऊ की."

"आज?"

"बांधकाम बी चालू दे आणि आपण बी ऱ्हाऊ. हे एकात एक घालता येतंय."

"बाथरूमला दार न्हाय अजून."

"पडदा लावू."

"गॅस न्हाय."

"आईची शेगडी आणू."

गणपतराव उठले. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, पण वेळ बघितली नाही, नुसतंच घड्याळ बघितलं. आणि टेम्पो सांगायला गेले.

त्या दिवसापासून माझं घर माणसांनी भरलं. अनुजाचं अंथरूण माझ्या शेजारी पडायचं. तिची पिशवी माझ्या खिळीला अडकवलेली. लीलाबाईंनी माझ्यापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घातले. सकाळी गणपतराव तोंड धूत असताना रंगारी "जरा बाजूला" म्हणत त्यांच्या मागची भिंत रंगवायचा. भाजीत धूळ पडायची. लीलाबाई म्हणायच्या, "आजच्या आमटीत सिमेंट जरा जास्त झालंय, सांभाळून घ्या."

आणि एके सकाळी गणपतरावांनी हातोडी घेतली. रंगाऱ्यानं आदल्याच दिवशी शेवटचा हात मारलेल्या भिंतीवर त्यांनी खिळा ठेवला. पहिला वाकला. दुसराही वाकला. तिसरा गेला आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा गिलावा खाली आला. रंगारी दारात उभा राहून बघत होता. त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि चहा प्यायला निघून गेला. गणपतरावांनी फ्रेम लावली. त्यात एक हिरवी गाय होती. अनुजा पहिलीत असतानाची.

"सरळ हाय का?" त्यांनी विचारलं.

"सरळ हाय," अनुजा म्हणाली. वाकडी होती.

पण माझा प्रश्न होताच. व्याह्यांची भेट लग्नाच्या आदल्या आठवड्यावर गेली होती आणि ती जवळ आली तसा गणपतरावांचा डोळा पुन्हा माझ्याकडं वळू लागला. चाकीला हात लावायची त्यांची छाती नव्हती. पण अंबादासला ते दिवसातून तीनदा फोन करत आणि तो प्रत्येक वेळी टेंबलाईच्या चढाला असे.

अशात बाळाबाई आल्या. गणपतरावांच्या थोरल्या बहीण, पन्हाळ्याकडच्या. गणपतराव त्यांना आक्का म्हणत आणि त्यांच्यापुढं टाइमकीपरपणा चालत नसे. त्या आल्या त्या मुहूर्तमेढीसाठी. लग्नघरी मांडवाचा पहिला खांब रोवायचा, त्याला पानं बांधायची, पूजा करायची. मग लग्नाला सुरुवात. ही गोष्ट त्यांच्याशिवाय व्हायची नव्हती.

अंगणात पाण्याच्या टाकीचा खड्डा होता. खड्ड्याच्या कडेनं माती, मातीच्या कडेनं वाळू, वाळूच्या पलीकडं विटा.

"मेढ रोवायची कुठं?" बाळाबाईंनी विचारलं.

"टाकीच्या खड्ड्यात रोव की," गणपतराव म्हणाले. "खणायचं काम वाचलं."

बाळाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्या आत आल्या. माझ्यापुढं थांबल्या. हाताच्या बांगडीनं मला ठोकून बघितलं.

"ह्ये काय?"

"टेकू हाय, आत्या," अनुजा म्हणाली. "ह्याला अजून हलवायचं न्हाय. घर त्याच्यावर हाय."

"घर ह्येच्यावर हाय, मग आणि येगळी मेढ कशाला?"

"आक्का, लोखंडाची मेढ आसती का कुठं?" गणपतराव म्हणाले.

"उंबराची फांदी बांधू त्येला. खाली चौकोन आयताच सोडलाय बघ. भुई दिसतीय. आणखी काय पायजे?"

बायका जमल्या. माझ्या पायाच्या चौकोनात हळद, कुंकू, दूध, अक्षता पडल्या. पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड बांधून ते माझ्या गळ्यात आलं, उंबराची फांदी आली, आंब्याची पानं आली. मी पाच मजली इमारतीचा स्लॅब डोक्यावर घेतलेला टेकू आहे, पण इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

मग बाळाबाई भावाकडं वळल्या. "आता लगीन होऊन मेढ उठवूस्तोर ह्येला कुणी हात लावायचा न्हाय. कळलं का गणू?"

"व्हय," गणपतराव म्हणाले.

अंबादास सांगून दमला होता, लेक सांगून दमली होती. आक्काच्या एका वाक्यात माझी काळजी मिटली. आणि आदल्या दिवशी अनुजानं आत्याला फोन केला होता, हे मला माहीत आहे. ती माझ्याच अंगाला टेकून बोलत होती.

व्याही आले. जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटात काम केलेला माणूस, कुजबुजला तरी शेजारच्या घरात ऐकू जाई. ते दारात उभे राहिले, थेट समोर बघितलं आणि त्यांना देवघर दिसलं नाही, मी दिसलो.

"गणपतराव, ह्यो खांब मधीच कसा वो?"

लीलाबाईंच्या हातात चहाचा ट्रे थांबला.

"मेढ हाय, पावणं," गणपतराव म्हणाले.

"आमच्यात मांडवाच्या दारात आसती."

"आमच्यात घरात आसती."

"कुळाचार म्हणायचा."

"व्हय. नवीनच हाय."

व्याह्यांनी चपला काढल्या, पुढं येऊन मला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सोफ्यावर बसले. म्हणाले, हॉल मोठा आहे. नंतर ते गेल्यावर गणपतराव माझ्याभोवती दोनदा फिरले आणि लीलाबाईंना म्हणाले, "बघितलंस? एका खांबात दोन कामं." जणू कल्पना त्यांचीच.

हळद माझ्यासमोरच झाली. नवरीला लावून उरली ती बायकांनी मला लावली, थेट आट्यांत. लग्न खाली कार्यालयात होतं, ते मी पाहिलं नाही. खालून नुसता बँजो ऐकू आला. संध्याकाळी पाठवणीला सगळे इथंच आले, कारण गणपतरावांचा तेवढा हट्ट होता. रडारड झाली. मोहित बाजूला उभा राहून, आपणच काहीतरी चुकीचं केलंय अशा चेहऱ्यानं बघत होता. अनुजा देवाच्या, आईच्या, बापाच्या, आत्याच्या पाया पडली. मग माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात जोडते की काय. पण तिनं चाकीला हात घालून बघितलं, घट्ट आहे ना. होती. मग ती गेली.

मेढ उठवली. पानं सुकली, फडकं सुटलं. मग पाऊसपाणी सुरू झालं आणि स्लॅब पक्का झाल्यावरही पुढं कितीतरी दिवसांनी अंबादास उगवला.

"चला, सोडू या ह्येला."

गणपतराव सोफ्यावर बसले होते. "ऱ्हाऊ दे की आणखी चार दिस," ते म्हणाले.

अंबादास बघतच राहिला. "तुम्हीच म्हणालता न्हवं, काढ काढ म्हणून?"

"म्हणालतो."

अंबादासनं माझी चाकी अर्धा फेरा ढिली केली आणि थांबला. मग भिंतीकडेच्या एकाची, मग दुसऱ्याची. मग परत माझ्याकडं आला, पुन्हा अर्धा फेरा. मधूनच तो वर बघे, तंबाखू मळे.

"एकदम का काढत न्हाईस?" गणपतरावांनी विचारलं.

"एकदम काढलं की त्यो दचकतोय. थोडं थोडं सोडायचं. म्हणजे त्येला कळतंय, आपलं आपल्याला धरायचं हाय."

शेवटच्या फेऱ्याला गणपतरावांनी लीलाबाईंना आतून बोलावलं. दोघं माझ्या दोन बाजूंना उभी राहिली. मी सुटलो. वर काही झालं नाही, आवाजसुद्धा नाही. अंबादासनं मला आडवं केलं. गणपतरावांनी वर बघितलं, मोकळ्या हॉलकडं बघितलं आणि लीलाबाईंना म्हणाले, "जर्मनीत आता किती वाजलं असतील?"

"साडेतीन तास मागं," लीलाबाई म्हणाल्या. "आत्ताशी उठली आसंल."

आता मी उचगावच्या एका साइटवर आहे. अंगावरचा क्रीम रंग पोपडे धरून निघतोय, आट्यांत हळद बसल्यामुळं चाकी जरा करकरते. रांगेतले बाकीचे टेकू मला नवरदेव म्हणतात. म्हणू देत.

तुम्हाला घाई असते, हे मला कळतं. कुणाचं लग्न असतं, कुणाची शाळा, कुणाचं दुकान. घाई करा. एकाच्या खांद्याला दुसरं काम लावा, माझी ना नाही. माझ्याभोवती फरशी घाला, मला रंग मारा, कपडे वाळत घाला, पूजा करा. फक्त चाकीला हात घालायच्या आधी एकदा वर बघा आणि ज्याला कळतं त्याला विचारा.

बरं, मिक्सर सुरू झालाय. वरून पहिलं पाणी गळलं माझ्या डोक्यावर. स्लॅब ओतायला घेतला. ओझं आलं की मला बोलता येत नाही, म्हणून एवढं आत्ताच बोलून घेतलं. येतो.